ऑस्ट्रेलिया: वय ३४, मास्टर्स करून जावं की थेट पीआर? (एजंटने डोकं फिरवलंय)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअर. मूळचा कराडचा, गेली दहा वर्षं पुण्यात, पुलांच्या कामांवर. वय ३४ पूर्ण, वर दोन महिने. पत्नी नोकरी करते, मुलगी तीन वर्षांची. परदेशाचं खूळ जुनंच आहे, पण आधी बहिणीचं लग्न, मग फ्लॅट, मग कोविड असं करत राहून गेलं.

गेल्या शनिवारी एका कन्सल्टंटकडे गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर कांगारू, बाई अतिशय गोड बोलल्या. म्हणाल्या, मेलबर्नला दोन वर्षांचं मास्टर्स करा, मग ४८५ व्हिसावर तीन वर्षं नोकरी, आणि तोवर पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, "होऊनच जाते सर". सगळं धरून पंचेचाळीस-पन्नास लाख. कर्जाला कराडचं घर तारण. जुलैच्या प्रवेशाच्या जागा भरत आल्यात, या आठवड्यात टोकन द्या म्हणतात.

वडील कागदावर सही करायला तयार आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. जाणकारांनी सांगावं: हा रस्ता बरा, की शिक्षणाच्या फंदात न पडता थेट पीआरला अर्ज करावा?

झोपाळू_कांगारू

भिंतीवर कांगारू लावल्याबद्दल निषेध. रॉयल्टी मिळालेली नाही.

मेलबर्नची_मावशी

टोकन भरू नका. बाकीचं सावकाश बोलू, आधी एवढं ऐका.

४८५ म्हणजे शिक्षण संपल्यावर मिळणारा तात्पुरता व्हिसा. १ जुलै २०२४ पर्यंत त्याला वयाची अट ५० होती, त्या दिवसापासून ३५ केली. अर्ज करताना वय ३५ किंवा त्याखाली हवं. आता बोटं मोजा. जुलैत कॉलेज सुरू होताना तुम्ही साडेचौतीसच्या पुढे. दोन वर्षांनी पदवी हातात येईल तेव्हा साडेछत्तीस. म्हणजे ज्या व्हिसाच्या भरवशावर घर तारण ठेवायचं, तो तुम्हाला मिळतच नाही. संशोधनाचं मास्टर्स किंवा पीएचडी असेल तर ५० ची मर्यादा अजून आहे, पण वर्गात बसून करायच्या मास्टर्सला नाही.

तीन वर्षं हा आकडा मात्र बाईंनी बरोबर सांगितला. इतर बहुतेकांना मास्टर्सनंतर दोनच मिळतात, आपल्याला भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे तीन. करार वाचला, वय विचारलं नाही. की विचारूनही सांगितलं नाही, देव जाणे.

बायको काय नोकरी करते?

कृष्णाकाठ

मावशी, हात थरथरले वाचून. मी बाईंना जन्मतारीख दिली होती. फॉर्मवर पहिल्याच ओळीत होती.

पर्थकर

मावशींना दंडवत. अजून थोडी भर घालतो, आकडे माहीत असलेले बरे.

विद्यार्थी व्हिसाची फी २०२४ च्या मध्यापर्यंत ७१० डॉलर होती. त्या १ जुलैला १,६०० झाली आणि पुढच्या १ जुलैला २,०००. व्हिसा नाकारला तरी परत नाही. सोबतच्या माणसांची फी वेगळी. खात्यात दाखवायचे पैसे १० मे २०२४ पासून एकट्यासाठी २९,७१० डॉलर, बायकोचे १०,३९४, मुलीचे ४,४४९. बेरीज ४४,५५३. हा फक्त एका वर्षाचा राहण्याचा खर्च, कॉलेजची फी आणि विमानाचं भाडं याच्या वर. इंग्रजीची पट्टीही २०२४ च्या मार्चमध्ये उंचावली. विद्यार्थी व्हिसाला आयईएलटीएस साडेपाचवरून सहा, ४८५ ला सहावरून साडेसहा.

आणि २०२६ च्या जानेवारीत भारताला कागदपत्रांच्या बाबतीत सर्वात वरच्या जोखमीच्या गटात टाकलंय. नेपाळ, बांगलादेश, भूतान आपल्यासोबत. त्यामुळे बँकेचं प्रत्येक पान आणि पगाराची प्रत्येक पावती चाळून बघतात.

तात्या_पंचवटी

इथे काय कमी आहे हो? दहा वर्षं पुलांवर काम केलेला माणूस तिकडे जाऊन सुपरमार्केटात रात्री डबे रचणार. समृद्धी झाला, सागरी सेतू झाला, मेट्रो चालू आहे. स्वतःच्या गावात मान आहे तो सोडून.

झोपाळू_कांगारू

तात्या, तुमचे चिरंजीव टोरांटोत कितवं वर्ष?

तात्या_पंचवटी

सहावं. म्हणूनच सांगतोय!

विद्यार्थिनी_ब्रिस्बेन

डबे रचणारी मी आहे, तात्या. :)

आत्ता तिसरं सेमिस्टर. पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, एक मिनिट जास्त नाही. मी आठवड्याला तीन रात्री करते, साडेनऊ ते साडेतीन. थंडी असते त्या भागात, दोन स्वेटर घालून दह्याचे डबे पुढे ओढायचे, मागे नवीन तारखेचे लावायचे. सकाळी आठचं लेक्चर. २०२५-२६ साठी किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर, ऐकायला भारी वाटतं, पण भाडं आठवड्याच्या हिशेबात जातं. घर बघायला गेले तेव्हा एका खोलीसाठी फुटपाथवर तीसेक जण रांगेत होते, आणि त्यातल्या चौघांच्या हातात मराठी आडनावांच्या फायली.

मी २३ ची आहे, एकटी आहे, मला झेपतं. पण तीन वर्षांची मुलगी घेऊन हे? दादा, विचार करा.

अजून एक. अर्जात 'खरा विद्यार्थी' आहात हे पटवून देणारे प्रश्न असतात, प्रत्येकी दीडशे शब्दांत उत्तर. याच विषयात का, इथेच का, शिकून काय करणार. २३ मार्च २०२४ पासून ही पद्धत आली. दहा वर्षं नोकरी करून अचानक चौतिसाव्या वर्षी मास्टर्स का सुचलं, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? "एजंट म्हणाला म्हणून" चालत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काहून घाबरवून राहिले बाप्पा त्या माणसाले! मी पण ३५ ला आलो, अमरावतीहून, थेट पीआरवर. आता ॲडलेडमध्ये घर आहे, अंगणात कढीपत्ता आहे, वांगे लावले आहेत.

भाऊ, थेट पीआर पॉइंटांवर भेटते, अन् तुझा सिव्हिलचा धंदा त्याच्या यादीत आहे. शिक्षण-फिक्षण सोड. तुझे पॉइंट मी काढून देतो. वय ३३ ते ३९ चे २५. बीई चे १५. आठ वर्षांच्या वर अनुभव, १५. आयईएलटीएस चारही विषयांत ७ आणले तं १०. झाले ६५. अर्ज टाकाले ६५ लागतात, पण ६५ वर आजकाल कुत्रं विचारत नाही. चारही विषयांत ८ आणले तं १० चे २० होतात, मग ७५. राज्यानं नॉमिनेट केलं तं अजून ५, आणि रीजनल व्हिसा ४९१ घेतला तं १५.

रीजनल म्हणजे घाबरू नको. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून सगळं रीजनल. ॲडलेड रीजनल, पर्थ पण रीजनल.

पर्थकर

वीस लाखांच्या वर वस्तीच्या शहराला 'रीजनल' म्हणतात. नागपूरला खेडं म्हटल्यासारखं. पण फायदा आपलाच, गप्प बसतो.

अआई

मास्टर्सला इतकं पण झोडपू नका. ऑस्ट्रेलियात दोन वर्षं शिकल्याचे ५ पॉइंट मिळतात, रीजनल भागात शिकलं तर अजून ५. तिथली ओळख होते, इंटर्नशिप मिळते. माझ्या मावसभावाला तशीच नोकरी लागली आणि कंपनीनेच ४८२, म्हणजे मालकामार्फतचा नोकरीचा व्हिसा, मिळवून दिला.

झोपाळू_कांगारू

पन्नास लाखांत पाच पॉइंट. पॉइंटाला दहा लाख. दहावीचे गुण या भावाने मिळाले असते तर आमच्या वडिलांनी शेत विकलं असतं.

मेलबर्नची_मावशी

कांगारूला अनुमोदन. तेच पाच पॉइंट 'सीसीएल' नावाची परीक्षा देते, फी आठशे डॉलरच्या आसपास, आणि ती मराठीत आहे. हो, मराठीत! नाटी म्हणून दुभाष्यांची संस्था आहे, ती घेते.

अआई, मावसभावाचं बरोबर आहे, पण ४८२ साठी कॉलेज लागत नाही. ७ डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव-रूप बदललंय. आधी दोन वर्षांचा अनुभव मागायचे, आता एक पुरतो. पगार मात्र ठरावीक आकड्याच्या खाली नको, २०२५-२६ साठी ७६,५१५ डॉलर. आणि मालकाशी पटलं नाही तर दुसरा शोधायला पूर्वी ६० दिवस मिळायचे, आता १८०. हा खरोखर मोठा बदल आहे. आमच्या वेळी लोक मालकाच्या शिव्या खाऊन गप्प बसायचे, कारण दोन महिन्यांत दुसरा मालक कुठून आणणार?

कृष्णाकाठ, बायको काय करते ते अजून सांगितलं नाहीत. तिच्या नावावर १० पॉइंट असू शकतात.

बर्लिनवाला

जर्मनीचा विचार का नाही करत? सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फीच नाही, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (राहण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) वर्षाला ११,९०४ युरो ठेवले की झालं. २०२४ च्या जूनपासून संधी-कार्डही आहे, त्यावर इथे येऊन नोकरी शोधता येते.

वऱ्हाडी_ठेचा

भाषा?

बर्लिनवाला

ती शिकावी लागते.

वऱ्हाडी_ठेचा

मंग बोलला काहून नाही पहिल्याच ओळीत!

गोंयकार

आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात: आजोबांचा जन्म ६१ च्या आधीचा ना? मग पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला कागद पाठव. कसले पॉइंट नि कसलं काय.

तात्या_पंचवटी

पोरगा कॅनडात आहे म्हणून तिथलं सांगतो. तिथे तर रोज नवीन नियम. विद्यार्थ्यांचा तो झटपट मार्ग नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्रीत बंद. नोकरीच्या ऑफर-पत्राचे पॉइंट मिळायचे ते मार्च २०२५ ला काढून टाकले. माझ्या पोराने ते पत्र मिळवण्यासाठी दीड वर्ष एका छोट्या गावात काढलं होतं. उणे तीस तापमानात. पत्र मिळालं, आणि पंधरवड्यात पॉइंट गेले. मी इथे नाशकात बसून नुसतं फोनवर ऐकत होतो, पोरगा काही बोलेचना.

म्हणून मी म्हणतो 'इथे काय कमी आहे'. मला माहिताय तुम्ही हसता.

विद्यार्थिनी_ब्रिस्बेन

नाही हसत तात्या. सॉरी.

मेलबर्नची_मावशी

तात्या, हे मी २०१० मध्ये डोळ्यांनी पाहिलंय. मी २००७ ला आले. तेव्हा स्वयंपाक आणि केस कापायचे कोर्स केले की पीआर, असा बाजार होता. इंजिनिअर झालेली पोरं कांदे चिरायला शिकत होती. ८ फेब्रुवारी २०१० ला सरकारने ती मागणी असलेल्या धंद्यांची यादीच रद्द केली. आमच्या शेजारच्या घरात पाच मुलं राहायची, दोन जळगावची, तीन पंजाबची. त्या संध्याकाळी पाचही जण पायरीवर बसली होती, कुणी दिवासुद्धा लावला नाही. मी पिठलं-भात करून नेला, तेव्हा एक जण म्हणाला, "मावशी, मला आता फक्त कांदा चिरता येतो." ते नाव तेव्हापासून लागलं मला.

त्यानंतर मी कुणालाही "कोर्स कर, पीआर मिळेल" असं म्हटलेलं नाही. विद्यार्थी व्हिसा शिकायचा असतो. पीआरची रांग वेगळी, खिडकी वेगळी, साहेब वेगळा. पहिल्या खिडकीवर पैसे भरून दुसरीकडचा टोकन नंबर मिळतो असं सांगणाऱ्याला मिळणारं कमिशन कॉलेजकडून येतं, एवढं लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियात बसून इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, त्याचा 'मार्न' नंबर असतो. पुण्यातल्या काचेच्या ऑफिसला तो विचारून बघा, काय उत्तर येतं ते.

कृष्णाकाठ

विचारला. आज दुपारी फोन केला. बाई म्हणाल्या, "सर ते आमचे सिडनीचे पार्टनर बघतात." वयाचं विचारलं तर म्हणाल्या, "सर नियम बदलतात, दोन वर्षांत परत ५० होईल." मी फोन ठेवला.

टोकन भरलं नाही. घरी सांगितलं. वडील काही बोलले नाहीत, पण रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

झोपाळू_कांगारू

"दोन वर्षांत परत ५० होईल" हे वाक्य फ्रेम करून कांगारूच्या शेजारी लावा.

नवा_सदस्य_९९

माझा भाऊ २४ चा आहे, इंजिनिअर. त्याच्यासाठी काही आहे का? धाग्यात घुसल्याबद्दल माफी.

पर्थकर

'मेट्स' नावाची योजना बघ. भारतीयांसाठीच आहे, वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षं राहून काम करता येतं, मालक आधी शोधावा लागत नाही. वय ३० पर्यंत, पदवी होऊन दोन वर्षांच्या आत, आणि कॉलेज एनआयआरएफच्या (भारत सरकारची कॉलेजांची क्रमवारी) पहिल्या शंभरात हवं. विषय ठरावीक: इंजिनिअरिंग, खाणकाम, आयटी, एआय, नवीकरणीय ऊर्जा, शेती-तंत्रज्ञान वगैरे. लॉटरी असते, नाव टाकायला २५ डॉलर. नशीब आजमावायला महाग नाही.

अआई

३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव होतं, हे कुणी सांगणार नाही का? सगळे पॉइंटच मोजताय.

पर्थकर

सांगतो की. त्या दिवशी आम्ही गणपतीची आरती बाहेरच्या हॉलऐवजी घरी केली. काही झालं नाही, पण केली घरी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब येऊन शेजारी बसला, काही न बोलता कॉफी ठेवली. दोन्ही खरं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

सीसीएल बद्दल मी सांगतो, मीच नापास झालेला आहे. एकदा.

दोन संवाद असतात. डॉक्टर-पेशंट, वकील-पक्षकार, विम्याचा माणूस असं काही. एक जण इंग्रजी बोलते, एक मराठी, तुम्ही मधात. एका वेळी ३५ शब्दांपर्यंत. ९० पैकी ६३ लागतात, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी २९ तरी. मले वाटलं, मायबोली आहे, काय डोंबल्याची तयारी! पहिल्याच वाक्यात विमा कंपनीची बाई म्हणे, नुकसानीचे पहिले पाचशे डॉलर ग्राहकाले भरावे लागतील. त्याले इंग्रजीत एक शब्द आहे, मराठीत मले सुचेचना. मी शुद्ध पुस्तकी शब्द शोधत बसलो, 'वजावट' म्हणू का 'स्वभार' म्हणू, तोवर पुढचं अर्ध वाक्य डोक्यातून गेलं. साधं "पहिले पाचशे तुम्हाला भरावे लागतील" म्हटलं असतं तं काम झालं असतं.

दुसऱ्या वेळी बायको म्हणे, घरी जसं बोलता तसं बोला, फक्त शिव्या गाळा. ७१ आले.

कृष्णाकाठ

धागा मोठा झालाय, सगळ्यांचे आभार. माझं ठरलंय: मास्टर्स बाद. थेट अर्ज. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून डिग्रीची पडताळणी करून घ्यायची, त्यासाठी तीन 'करिअर एपिसोड', म्हणजे आपण केलेल्या कामांवरचे लेख, लिहायला घेतलेत. एक मित्र म्हणतो नेटवर तयार मिळतात.

पर्थकर

चुकूनही नाही! ते सॉफ्टवेअरमधून तपासतात, नक्कल सापडली की बंदी घालतात. तुमचा पूल, तुमचे खांब, तुम्ही केलेलं गणित, तुमचीच चूक आणि ती कशी सुधारली ते लिहा. एकेक हजार ते अडीच हजार शब्द. मी पहिला एपिसोड लिहिला तेव्हा सगळीकडे "आम्ही" लिहिलं होतं, आपली सवय. परत आला. "मी" लिहा, लाज न बाळगता.

मेलबर्नची_मावशी

आता तिसऱ्यांदा विचारते, पुढच्या वेळी कराडला येईन. बायको. काय. करते?

कृष्णाकाठ

मावशी, रागावू नका. मुद्दाम टाळलं नाही, मला वाटलं माझ्या अर्जाशी संबंध नाही. बीएस्सी नर्सिंग आहे. वय २९. पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला, सहा वर्षं झाली.

झोपाळू_कांगारू

*धाग्यात शांतता*

वऱ्हाडी_ठेचा

अरे देवा. घरात विहीर अन् हा टँकर मागवून राहिला!

ॲडलेडची_सिस्टर

मी नुसती वाचत होते, आता राहवलं नाही.

दादा, तुम्ही उलटा हिशेब करताय. मुख्य अर्जदार ताई. वय २९, म्हणजे ३० पॉइंट. पदवी १५. सहा वर्षांचा अनुभव १०. इंग्रजी ७ चे १०. तुमची पडताळणी झाली आणि तुम्हाला बऱ्यापैकी इंग्रजी आलं तर जोडीदाराचे १०. सीसीएल दिली तर ५. झाले ८०. तुमच्या नावाने काढले तरी साधारण तेवढेच येतील, पण सरकार अर्जाची निमंत्रणं देताना आरोग्य क्षेत्राला झुकतं माप असतं. ८० चा इंजिनिअर आणि ८० ची नर्स एका रांगेत नसतात.

सोपं आहे असं मात्र मुळीच नाही. आधी नर्सिंगची नोंदणी. आपल्या पदवीला थेट मान्यता मिळत नाही बहुतेकदा, म्हणून दोन परीक्षा: एनक्लेक्स, ती भारतात देता येते, आणि मग ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, ती ॲडलेडलाच येऊन द्यावी लागते. एप्रिल २०२५ पासून यूके, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर अशा ठिकाणी १,८०० तास काम केलेल्यांना परीक्षेविना मार्ग खुला झालाय, पण थेट भारतातून येणाऱ्यांना नाही.

ऑस्कीत मी एका ठिकाणी अडकले. खोलीत खोटा पेशंट, खोटा सलाईन, खरा परीक्षक. मी हात धुतले, पेशंटचं नाव विचारलं, हातातला पट्टा तपासला, सगळं केलं. पण आपल्याकडे वॉर्डात पंधरा पेशंट असले की कोण बोलत बसतं? मी मुकाट्याने केलं. इथे प्रत्येक गोष्ट पेशंटला सांगत करायची असते: "आता मी तुमचा पट्टा बघते हं." तेवढ्यासाठी परत बसावं लागलं. ताईंना आत्तापासून सवय लावा. घरी चहा करताना सुद्धा बोलत करायचा.

अआई

म्हणजे नवरा डिपेंडंट म्हणून जाणार? जमेल का कृष्णाकाठ?

कृष्णाकाठ

आईंना सांगताना थोडं अवघड गेलं. वडिलांना नाही. ते म्हणाले, "मग तिलाच विचारायचं होतंस की आधी."

कृष्णाकाठ

नमस्कार, मी त्यांची मिसेस लिहितेय, यांच्याच आयडीवरून. रात्रपाळीहून आले, दोन तास बसून अख्खा धागा वाचला. मला कुणी विचारलंच नव्हतं, मावशींनी तीनदा विचारलं. थँक्यू मावशी.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या पत्रासाठी काय लागतं ते काल बघून ठेवलं. सिस्टर, एनक्लेक्सची तयारी ड्युटी सांभाळून किती महिन्यांत झाली तुमची? आणि मुलीला कुणाकडे ठेवलं होतं?

सीसीएलचं पण सांगा. माझं माहेर पाटण, मी "आलोय-गेलोय" असं बोलते, हे हसतात. कराडी मराठी चालते ना तिथे?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, माही चालली तं तुमची पळते.

ॲडलेडची_सिस्टर

सात महिने. मुलगी सासूबाईंकडे, रविवारी माझ्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, माझ्या नोट्स आहेत, वहीचे फोटो पाठवते. अक्षर घाण आहे, नर्सचंच आहे.